‘शाळेत काय झालं?’ ‘काही नाही.’

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा सहा वर्षांचा, यंदा पहिलीत गेलाय. शाळेतून आल्यावर काय झालं असं विचारलं की ‘काही नाही’ म्हणून मोकळा होतो. आजीशी मात्र अखंड बडबड चालते. मागच्या आठवड्यात वर्गशिक्षिकांनी कळवलं की मधल्या सुट्टीनंतर तो रडत होता. घरी आईने विचारलं, तर आधी म्हणाला पोटात दुखत होतं. पुन्हा विचारल्यावर म्हणाला एकाने ढकललं. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाला, मी रडलोच नाही. तो खोटं बोलायला लागलाय का, ही आईची काळजी. ‘आमच्या लहानपणी आई-वडिलांपासून काही लपवायची आमची टाप नव्हती,’ असंही त्यांनी लिहिलं आहे.

ताई, आधी तुमच्या काळजीबद्दल. एका गोष्टीची तीन उत्तरं दिली म्हणून तो खोटारडा झाला, असं मला वाटत नाही. तुमच्या लिहिण्यातला मला महत्त्वाचा वाटलेला तपशील वेगळा आहे: तुम्ही एकच प्रश्न तीनदा विचारलात. सहा वर्षांच्या मुलाला त्यातून एक गोष्ट लगेच कळते, की आपलं पहिलं उत्तर चुकलं. मग तो दुसरं देऊन बघतो. तेही आईला पटलेलं दिसत नाही, तेव्हा तो प्रश्नच मिटवून टाकतो. ‘मी रडलोच नाही.’

मी आधी बालवाडीत आणि नंतर पहिली-दुसरीच्या वर्गांवर शिकवलं, आता शाळांमधून समुपदेशन करते. या कामातून माझं एक मत पक्कं होत गेलंय. लहान मूल प्रश्नापेक्षा विचारणाऱ्याला उत्तर देतं. आपण मुलांना ओळखतो, त्यांच्यावर लक्ष ठेवतो, असं आपण धरून चालतो. पण दिवसभर बारकाईने निरखत असतं ते मूल. त्याला दुसरा इलाजही नसतो. जेवायला काय, खेळायला किती वेळ, कुणाकडे जायचं, कधी निजायचं, हे सगळं मोठ्यांच्या मर्जीवर. त्यामुळे आई किल्ली कशी ठेवते, बाबा चप्पल कशी काढतात, एवढ्यावरून आजची संध्याकाळ कशी जाणार हे त्याला समजतं. हे शहाणपण त्याला शब्दांत सांगता येत नाही, म्हणून ते आपल्या लक्षात येत नाही.

याला संशोधनाचाही भक्कम आधार आहे. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांचा एक प्रयोग डी.एड.-बी.एड. केलेल्या बहुतेकांनी अभ्यासलेला असतो. सारख्याच वस्तूंच्या दोन ओळी मुलापुढे मांडायच्या आणि विचारायचं, दोन्हीकडे सारख्या आहेत का? मूल हो म्हणतं. मग त्याच्या डोळ्यांदेखत एक ओळ लांब पसरायची आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. आता पाच-सहा वर्षांची बरीच मुलं म्हणतात, लांब ओळीत जास्त आहेत. यावरून निष्कर्ष निघाला की मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते, हे या वयाला उमगत नाही. १९७४ मध्ये सुसान रोज आणि मॅरियन ब्लँक यांनी त्यात एवढाच बदल केला की आधीचा प्रश्न गाळला. ओळ पसरून झाल्यावर एकदाच विचारायचं. तेवढ्याने सहा वर्षांच्या मुलांच्या चुका कमी झाल्या. म्हणजे आधी चुकणाऱ्यांपैकी काही मुलांना संख्या कळत होती. मोठं माणूस तोच प्रश्न पुन्हा विचारतंय, तर आपलं उत्तर बदलायला हवं असणार, असा हिशेब त्यांनी केला होता.

त्याच सुमारास एडिनबरामध्ये जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी ओळ विस्कटण्याचं काम एका खोडकर टेडी अस्वलाकडे दिलं. अस्वल यायचं आणि मांडलेला खेळ बिघडवून टाकायचं. मग बरोबर उत्तर देणाऱ्या मुलांचं प्रमाण कितीतरी वाढलं. अस्वलाने केलं ते उगाच केलं. पण मोठ्या माणसाने मुद्दाम हात लावून काही हलवलं आणि मग विचारलं, तर त्यामागे काहीतरी कारण असणार. मुलं त्या कारणाचा अंदाज घेत होती. मला या प्रयोगाचं फार मोल वाटतं, कारण ज्याला आपण मुलांचं अज्ञान म्हणत होतो त्यातला बराचसा भाग मुलांनी मोठ्यांबद्दल बांधलेला अंदाज होता.

आणखी एक प्रयोग सांगते, तो तुमच्या मुलाच्या अगदी जवळचा आहे. मार्टिन ह्यूज आणि रॉबर्ट ग्रीव्ह यांनी १९८० मध्ये पाच आणि सात वर्षांच्या मुलांना मुद्दाम निरर्थक प्रश्न विचारले. दूध पाण्यापेक्षा मोठं असतं का? लाल रंग पिवळ्यापेक्षा जड असतो का? जवळपास सगळ्या मुलांनी उत्तरं दिली. ‘हा प्रश्नच बरोबर नाही’ असं म्हणायची सोय मुलांना आपण ठेवलेलीच नसते. मोठ्यांनी विचारलं की उत्तर द्यायचं, हे घरात आणि शाळेत पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं. तेव्हा ‘का रडलास?’ या प्रश्नाचं उत्तर तुमच्या मुलाकडे नसेल, आणि सहाव्या वर्षी स्वतःच्या रडण्याचं कारण सांगता येणं ही खरोखर अवघड गोष्ट आहे, तर तो काय करणार? हाताशी असलेलं काहीतरी पुढे करणार. पोटात दुखणं हे घरात नेहमी मान्य होणारं कारण, म्हणून ते आधी आलं.

आता मोठी माणसं मुलांकडे कशी बघतात त्याबद्दल. आपल्याकडे एकाच संध्याकाळी दोन वाक्यं ऐकू येतात. त्याच्यासमोर नातेवाइकांच्या भांडणाची चर्चा चालू असते तेव्हा, ‘लहान आहे, त्याला काय कळतंय.’ आणि अर्ध्या तासाने त्याच्या हातून दूध सांडलं की, ‘एवढा मोठा झालास, कळत नाही?’ मुलाने यातलं कुठलं वय धरून वागायचं? आपल्या सोयीप्रमाणे आपण त्याला लहान आणि मोठं करत राहतो आणि हे त्याला पुरतं ठाऊक असतं. मुलांना निरागस म्हणण्याची आपली सवयही मला पटत नाही. कौतुकाने म्हटलं जातं हे खरं, पण निरागस म्हटलं की त्याला काही दिसत नाही, काही लागत नाही, असं आपण गृहीत धरतो आणि त्याच्यादेखत वाटेल ते बोलायला मोकळे होतो. मुलं कनवाळू असतात तशी निष्ठुरही असतात, मत्सर करतात, डाव टाकतात, माघार घेतात. वर्गात एक आठवडा बसलं तरी हे दिसतं.

उंचीचा भाग तर आपण साफ विसरतो. सहा वर्षांचं मूल साधारण पावणेचार फूट असतं. गणेशोत्सवात आपण त्याला दर्शनाच्या रांगेत उभं करतो. आपल्याला रोषणाई दिसते, मांडव दिसतो, लांबून मूर्तीचा मुकुट दिसतो. त्याला तासभर दिसतात त्या लोकांच्या पाठी, पिशव्या, घामेजलेले शर्ट आणि अधूनमधून तोंडावर आपटणारी कुणाची तरी पर्स. मग ते रडतं आणि आपण म्हणतो, ‘एवढ्या हौसेने आणलं आणि याचं हे.’ कधी घरातच त्याच्या शेजारी जमिनीवर बसून आपला स्वयंपाकघराचा ओटा बघा, आणि ओट्याशी उभं राहून मागे वळून ‘काय रे?’ म्हणणाऱ्या माणसाचा चेहरा बघा. खालून बघितलं की साधा चेहराही रागावलेला दिसतो.

माणसं जागेला बांधलेली असतात असंही या वयाला वाटतं. बाजारात मेथीची जुडी निवडताना मला बघून माझ्या वर्गातली पोरं आईच्या मागे लपायची. बाई शाळेत असतात. त्या भाजी घेतात, म्हणजे त्यांनाही घर आहे, जेवण आहे, हे पचायला वेळ लागायचा. तुमच्या मुलासाठी शाळा आणि घर ही अशीच दोन वेगळी गावं असतील. एका गावातलं दुसऱ्या गावात कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची, हे त्याला अजून जमत नाही. ‘काही नाही’ या उत्तरात पुष्कळदा एवढंच असतं.

मग आजीला कसं सांगतो? आजी काय करते ते एकदा लांबून बघा. बहुतेक घरांत असं असतं: आजी मटार सोलत असते किंवा वाती वळत असते. नजर हातातल्या कामावर. मूल शेजारी लोळत असतं. ती काही विचारत नाही. तिला कुठे जायचं नसतं, आणि त्याने सांगितलेल्या गोष्टीवर लगेच काही कारवाई करण्याचे अधिकारही तिच्याकडे नसतात. हा शेवटचा मुद्दा फार मोठा आहे. आईला सांगितलं की आई बाईंना फोन करणार, बाई त्या मुलाला बोलावणार, ते मूल उद्या आणखी ढकलणार. आजीला सांगितलं की आजी म्हणणार, ‘असं होय!’ आणि पुढची शेंग उचलणार.

माझ्या खोलीतही मी हेच करते. टेबलाच्या अल्याड-पल्याड बसून मूल बोलत नाही. माझ्याकडे बटणांचा एक मोठा डबा आहे. आम्ही सतरंजीवर बसून रंगांप्रमाणे बटणं वेगळी करतो. दुसरीतली एक मुलगी, वर्गात हल्ली बोलतच नाही म्हणून पाठवलेली, बराच वेळ निळी बटणं काढत बसली होती. मग वर न बघता म्हणाली, ‘आमच्या वर्गात एक मुलगी आहे, तिच्याजवळ डबा खायला कुणी बसत नाही.’ मी म्हटलं, ‘हं.’ काही बटणं गेली. ‘तिची पोळी रात्रीची असते ना, म्हणून.’ मी विचारलं, ‘मग ती कुठे बसते?’ ‘नळापाशी. तिथे कुणी नसतं.’ ती मुलगी कोण हे मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे तिलाही कळलं होतं. ‘ती म्हणजे तूच ना?’ असं विचारलं असतं तर तो डबा तिथेच बंद झाला असता. ती पुढचे कितीतरी दिवस त्या ‘एका मुली’बद्दल बोलत राहिली आणि तेवढ्यावर वर्गात काय करायला हवं ते ठरवता आलं.

खोटेपणाबद्दल थोडं. समोरच्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळी समजूत असू शकते, हे मुलांना साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास उमगतं; हाइन्झ विमर आणि योजेफ पेर्नर यांच्या १९८३ च्या प्रयोगानंतर यावर भरपूर काम झालं आहे. ही समज आल्याशिवाय धड खोटं बोलताच येत नाही. त्यामुळे या वयातलं लहानसहान खोटं हे मन वाढत असल्याचंही चिन्ह असतं. ते मुरतं कशामुळे, याचा एक अभ्यास व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांतली तीन-चार वर्षांची मुलं त्यांनी पाहिली; एका शाळेत कडक शिक्षा होत, दुसरीत नाही. शिक्षेच्या शाळेतली मुलं जास्त खोटं बोलत होती, आणि ते टिकवण्यातही जास्त तरबेज होती. धाक वाढवून सत्य बाहेर काढायचा विचार मनात येत असेल तर हे लक्षात असू द्या.

शिक्षा म्हणजे मारच असतो असं नाही. मुलाने काही सांगितलं आणि रात्री आपण मावशीला फोनवर ते हसत हसत सांगितलं, त्याच्या कानावर पडेल असं, तर त्याच्या दृष्टीने तीही शिक्षाच. पुढच्या वेळी तो सांगणार नाही. शाळेत आलेल्या कित्येक पालकांना मी हा प्रश्न विचारते: त्याने शेवटचं तुम्हाला मनातलं सांगितलं होतं, त्याचं तुम्ही काय केलं होतं? उत्तर द्यायला वेळ लागतो.

आता ‘आमच्या लहानपणी’. ताई, टाप नव्हती हे तुम्ही लिहिलंत त्यावर मी विश्वास ठेवते. पण लपवलं काहीच नाही, हे खरं वाटत नाही. फुटलेली बरणी, शाळेच्या वाटेवर खाल्लेला बर्फाचा गोळा, वहीतला लाल शेरा, मोठ्या भावाने दिलेली धमकी. आठवून बघा. फरक एवढाच होता की आई-वडिलांना न सांगितलेलं सांगायला वाड्यात, चाळीत, आळीत आणखी माणसं होती. आते-मामे भावंडं होती, शेजारच्या काकू होत्या. आता फ्लॅटमध्ये सगळं विचारणं दोनच माणसांकडून येतं आणि सगळं सांगणंही त्यांनाच करावं लागतं. हा भार दोन्ही बाजूंना जड जातो.

शिवाय स्वतःच्या लहानपणाच्या आठवणींवर मोठ्यांनी फार भिस्त ठेवू नये. बहुतेकांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते आणि नंतरच्याही घरच्यांच्या सांगण्यातून घडत गेलेल्या असतात. न्यूझीलंडमधल्या किंबर्ली वेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणीचे फोटो दाखवले, त्यात एक बनावट फोटो होता: गरम हवेच्या फुग्यातून केलेल्या सफरीचा, जी कधी झालीच नव्हती. तीन वेळा मुलाखती घेतल्यावर निम्म्या लोकांना ती सफर थोडीफार तरी ‘आठवली’ होती. पुन्हा पुन्हा विचारल्यावर मोठ्यांचंही असं होतं, तर सहा वर्षांच्या मुलाकडून आपण कशाची अपेक्षा करतोय?

मुलाच्या जागेवरून बघणं म्हणजे काय, याचं मला ठाऊक असलेलं सर्वात ठोस उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वस्त्यांमधली मुलं बालवाडीपर्यंत येत नव्हती. या लोकांना शिक्षणाची आवडच नाही, असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली; आपल्या अंगणवाडीचं मूळ तिथे आहे. पुढे डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलं दिवसभर गुरं चारायला जातात हे दिसलं, तेव्हा शिक्षक कुरणावर गेले आणि कुरणशाळा सुरू झाली. मूल का येत नाही, याचं कारण मुलाच्या स्वभावात शोधण्याऐवजी त्याच्या दिवसात शोधलं गेलं. तुमच्या मुलाच्या बाबतीतही मी तेच सुचवीन. मधली सुट्टी, त्यानंतरचा तास, कुणाशेजारी बसतो, शू लागली तर विचारायला जमतं का, डबा संपवायला वेळ पुरतो का, हे बघा. पहिलीतल्या मुलांच्या रडण्यामागे शौचालयाची भीती आणि अर्धवट डबा या दोन गोष्टी मी फार वेळा पाहिल्या आहेत.

घरी काय करायचं, तर फाटकापाशी विचारणं बंद करा. तो दमलेला, भुकेला असतो. आधी खाणं, पाणी, लोळणं. मग तुम्ही स्वतःचं काहीतरी सांगा, खरंखुरं आणि छोटं: ‘आज ऑफिसात माझा डबा सांडला, मला फार ओशाळल्यासारखं झालं.’ आणि थांबा. त्याने लगेच काही सांगावं ही अपेक्षा चेहऱ्यावर दिसू देऊ नका, तो ती वाचेल. विचारायचंच असेल तर एकदाच आणि नेमकं: ‘आज डबा कुणाबरोबर खाल्लास?’ उत्तर आलं की ते धरून चाला, तपासू नका. ‘माहीत नाही’ आणि ‘आठवत नाही’ ही उत्तरं घरात चालतात, हे स्वतः वापरून दाखवा. स्कूटरवर पुढे उभा असताना, आंघोळीच्या वेळी, दिवा मालवल्यावर, जिथे नजरेला नजर नसते तिथे मुलं जास्त बोलतात. आणि आजीला हेर करू नका. ‘आई, जरा त्याच्याकडून काढून घ्या’ असं एकदा जरी झालं आणि त्याला समजलं, तर ती जागाही जाईल.

एक गंभीर गोष्ट. मुलाच्या बोलण्यातून किंवा अंगावरच्या खुणांवरून लैंगिक छळाची शंका आली, तर घरी खोदून खोदून विचारू नका. तो जे आपणहून म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, ‘तू सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणा, आणि १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा किंवा पोलिसांकडे जा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा (२०१२) मुलांना कसं विचारावं याचा विचार करून केलेला आहे: जबाब घेणारा पोलीस अधिकारी गणवेशात नसावा, जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यावा, आणि मुलाला साक्षीसाठी वारंवार बोलावलं जाऊ नये याची विशेष न्यायालयाने खबरदारी घ्यावी. शाळेत मार किंवा अपमान होत असेल, तर शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. तोंडी सांगून फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांना लेखी द्या.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला आत्ता तसं काही दिसत नाही. पण पुढचे दोन आठवडे लक्ष ठेवा: बंद झालेलं अंथरुण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, रविवारी रात्रीपासून पोटदुखी, डबा तसाच परत येणं, झोपेत दचकणं. यातलं काही सलग दिसलं तर आधी मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, मग समुपदेशकाकडे या. वर्गशिक्षिकांना या आठवड्यातच भेटा, मुलाला बरोबर न नेता. ‘तो का रडला?’ असं त्यांना विचारू नका, त्यांनाही ते माहीत नसणार. रडण्याच्या आधीच्या अर्ध्या तासात तो कुठे होता, कुणाबरोबर होता आणि रडल्यावर त्याच्याजवळ कोण गेलं, एवढं विचारा.